मास्तरांचा हात

दुपारचं जेवण आटोपून चित्रकार माडीवरच्या खोलीत आला. समोर माणसाहून उंच कॅनव्हास, त्यावर नुसते रंग. ना झाड, ना माणूस. प्रदर्शन तोंडावर आलेलं. सकाळीच एका पत्रकार बाईंना त्याने छाती फुगवून सांगितलं होतं, "माझ्यावर कुणाचाही प्रभाव नाही. ब्रश हातात घेतला की रंग आपसूक सुचतात."

खोलीत जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास कोंडला होता. त्याने लाल रंगाचा जाडजूड थर दिला आणि दोन पावलं मागे सरकला. तोच आवाज आला... खर्र... खर्र...

रंगाची सुरी हवेत एकटीच तरंगत लाल थर सोलत होती.

"खरवड," कानाशी कुणीतरी पुटपुटलं. "रंग काय, कुणीही थापतं. किती काढायचा, ते मी शिकवलं होतं तुला..."

मास्तर! त्यांना जाऊन तर वर्ष झालं होतं. चित्रकार धडपडत जिना उतरला.

"अगं... वर मास्तर आलेत!"

बायकोने रात्रीची भाजी निवडता निवडता मानही वर केली नाही. "बसायला दिलंत का?"

"ते मेलेत!"

"म्हणून काय झालं? मुलाखतीत त्यांचं नाव गिळलंत ना? भोगा आता. आधी त्या बाईंना फोन करा."

त्याने घाम पुसत फोन लावला. "बाई, लिहून घ्या... थर द्यायचा, खरवडायचा, खालचा रंग वर डोकावू द्यायचा, ही सगळी पद्धत मास्तरांची. मी आपला नुसता नकलाकार... नाही, नाही, नकलाकार नका लिहू!"

माडीवर सुरी खाली पडली. मग सगळं शांत.

तो दबकत वर गेला. सोललेल्या लालमधून खालचा पिवळा असा काही उजळला होता, की पाहत राहावं. हे कबूल करणं अगदी जिवावर आलं, तरी त्याने मान डोलावली आणि कोपऱ्यात सही ठोकली.

"आता खूश ना, मास्तर?"

"हं," मास्तर समाधानाने म्हणाले. "हात माझाच आहे."

तेवढ्यात खिडकीकडून एका म्हातारीचा थंडगार आवाज आला. चित्रकाराने तो कधीच ऐकला नव्हता.

"तुझा होय रे? आणि तुला खरवडायला कुणी शिकवलं?"

सगळा वर्ग ज्यांच्यापुढे चळचळा कापायचा, ते मास्तर चाचरत म्हणाले, "चुकलं, बाई... पुसतो..."

चित्रकाराची सही हळूहळू पुसली गेली. तिच्या जागी दुसरी, कुठल्याशा जुन्या लिपीतली उमटू लागली. तो वाकून पाहत राहिला, पण त्यातलं एकही अक्षर त्याला वाचता येईना.