चौथं मत

पटलं नाही तर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. त्या खोलीतल्या तिघांशी मी वेगवेगळं बोललोय. चौथी माझी सख्खी मावशी.

मागच्या नोव्हेंबरातला दुसरा रविवार. दुपारचे चार. चष्म्याच्या दुकानावरची खोली. लख्ख ऊन होतं, म्हणजे अंधारात भास झाला म्हणायलाही जागा नाही.

तिथे दर रविवारी लिहिणाऱ्यांचा एक गट जमायचा. दुकानाचे मालक चष्मेकाका, गणिताच्या निवृत्त बाई, कविता करणारा वायरमन आणि शाळेच्या ग्रंथालयात काम करणारी मावशी. नियम एकच. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी मत द्यायचं. मत संपलं की 'माझं झालं' म्हणायचं. सगळ्यांचं होईपर्यंत वाचणाऱ्याने तोंड उघडायचं नाही.

पूर्वी आणखी एक यायची. दवाखान्यातली नर्स. सगळे तिला सिस्टर म्हणत. तिने आपली पहिली कथा वहीत लिहून मावशीला दिली होती.

"ताई, आधी तुम्ही वाचा. बरी असेल तरच गटात वाचते."

मावशीने एका बैठकीत वाचली. असं आपल्याला उभ्या जन्मात जमणार नाही, हे तिला कळून चुकलं.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "जीव नाही गं हिच्यात. नको वाचूस. हसं होईल."

सिस्टरने वही परत मागितली नाही. गटात यायची बंद झाली आणि आठ महिन्यांनी तापाचं निमित्त होऊन गेली.

वही मावशीच्या कपाटात राहिली.

त्या रविवारी गटाच्या पहिल्या पुस्तकातली पहिली कथा ठरणार होती. मावशीची पन्नाशी उलटलेली. एकदा तरी आपलं नाव छापून यावं, हीच तिची एक हौस. तिने सिस्टरची कथा स्वतःच्या अक्षरात उतरवली, एक परिच्छेद गाळला आणि वाचायला बसली.

वाचून झालं.

"ताई, इतकी वर्षं आम्हाला वेड्यात काढत होता की काय?" वायरमन म्हणाला. "मला शॉक बसला, आणि मला सहसा बसत नाही. माझं झालं."

गणिताच्या बाई म्हणाल्या, "वजा करायला काही सापडेना. पैकीच्या पैकी. माझं झालं."

चष्मेकाका नेहमीसारखे सगळ्यांची मतं वहीत टिपत होते. मान वर न करता म्हणाले, "पहिली कथा हीच. माझं झालं."

मावशीने बोलायला तोंड उघडलं...

टिक. टिक.

बॉलपेनचं बटण. ऐकताना सिस्टर सतत दाबायची, तसं.

खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीतून.

रस्त्यावरचा आवाज थांबला होता. पंखा फिरत होता... पण टेबलावरचे कागद हलत नव्हते.

"चौथ्या पानावरचा परिच्छेद का गाळलात, ताई?"

आवाज शांत होता. पेशंटला नाव विचारावं, तसा.

मावशीने बाकीच्यांकडे पाहिलं. तिघंही त्या खुर्चीकडे तोंड करून बसलेले... लक्ष देऊन. बाई मान डोलवत होत्या. काकांचं पेन चालू होतं.

"त्यात माझ्या आईचा शेवटचा दिवस होता. तो तुम्हाला आपला म्हणून खपवता आला नसता. कथेचा जीव तिथेच होता, ताई. जीव नाही म्हणालात ना?"

आवाज बोलत राहिला. ओळ न् ओळ. शब्द न् शब्द.

मावशीला ओरडायचं होतं. ही माझी नाही, हिचीच आहे!

ओठ हलेनात.

मग रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला. कागद फडफडले. वायरमन आळस देत उठला.

"चला, चहा सांगू या. ताई, आता तरी बोला!"

मावशी बोलली नाही.

त्या दिवसापासून बोललेली नाही. तीन डॉक्टर झाले. घसा ठणठणीत, डोकं ठणठणीत.

काकांची वही मी पाहिलीय. त्या तारखेखाली चार मतं आहेत. अक्षर काकांचंच. ते शपथेवर सांगतात, मी तीनच लिहिली. चौथं सलग अकरा पानं आहे... आणि त्याच्या शेवटी 'माझं झालं' नाही.

मावशीने गटाला सगळं लिहून कबूल केलं. पुस्तक निघालं. पहिली कथा सिस्टरच्या नावाने, गाळलेल्या परिच्छेदासकट. मला वाटलं, मावशी सुटली.

पुस्तक घेऊन तिच्याकडे गेलो. ती भाजी चिरत होती. मान एका बाजूला कललेली. मधेच सुरी थांबली. बोलणी खाणाऱ्या मुलीसारखी तिने नजर खाली घातली.

"मावशी," मी विचारलं, "अजून त्या कथेबद्दलच बोलतेय का ती?"

तिने मान हलवली. नाही.

हात पुसले, कागद ओढला आणि लिहिलं,

"कथेचं कधीच संपलं. आता माझ्यावर आलीय. जन्मापासून सुरू केलंय. सातव्या वर्षापर्यंत पोचलीय."

पुस्तक पिशवीतून न काढताच मी उठलो. परत गेलेलो नाही. सख्खी मावशी आहे, जायला हवं. पण तिच्यासमोर बसलं की आपणही नकळत त्याच बाजूला कान देतो...

आणि त्या दिवशी निघताना मला एक शब्द ऐकू आला होता.

माझं नाव.