डेल्मरच्या शेजारची सीट

बियर हातात राहू द्या, पण गाड्यांच्या किल्ल्या इथं टेबलावर ठेवा. गोष्ट संपल्यावर ज्याला डोंगरातल्या वरच्या वाटेनं जायचं असेल त्यानं खुशाल जावं. मी अडवणार नाही.

"काका, घाबरवायला दुसरं कोणी बघा," हा लाल टोपीवाला म्हणतोय. बाळा, मला काय पडलंय तुला घाबरवायचं? डेल्मर स्टर्गिल माझ्याबरोबर बावीस वर्षं कोळशाच्या खाणीत होता. थापा मारायला तोंड उघडावं लागतं, आणि ते तो जेवायलाच उघडायचा. त्यानं मला जे सांगितलं तेवढंच सांगतो.

मागच्या वर्षी, चोवीस ऑक्टोबर. संध्याकाळचे सात वाजून पाच मिनिटं झालेली. डेल्मर स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच डब्यातले गार बीन्स खात होता. मार्चपासून असंच चाललं होतं. मार्चमध्ये त्याचा धाकटा भाऊ कॉर्बिन गेला. दोघं डेल्मरच्या गाडीतून, डोंगरात फिरवायची ती दोन सीटची, चहूबाजूंनी उघडी, वरच्या वाटेनं येत होते, गाडी डेल्मरच्या हातात होती, आणि वळणावर ती उलटली. कॉर्बिन जागेवर गेला. डेल्मरला खरचटलंसुद्धा नाही. दफनाच्या वेळी तो रडला नाही. बायका म्हणाल्या, दगड आहे मेला. मी त्याचा हात हातात घेतला होता. लाकडाचा असावा तसा लागला. पुढं त्यानं गाडी दुरुस्त केली आणि शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवून दिली.

तर फोन वाजला. आपली वर्ना, याच लॉजची मालकीण.

"डेल्मर, माझ्याकडं उतरलेले म्हातारा-म्हातारी वर अडकलेत. नऊ नंबरच्या बंद खाणीपाशी गाडीचा बेल्ट तुटला. म्हातारा साखरेचा पेशंट. लगेच परतून जेवू म्हणून इन्सुलिन टोचून गेलाय, आणि बरोबर खायला काही नाही. बाई म्हणते, बरळायला लागलाय."

"दुसरं कोणी नाही?"

"असतं तर तुला कशाला छळलं असतं?"

त्यानं ताडपत्री ओढली. लॉजवर वर्नानं संत्र्याच्या रसाच्या बाटल्या, मक्याचा पाव आणि नवा बेल्ट पिशवीत घालून दिला. म्हणाली, "खालच्या वाटेनं जा."

खालची वाट पन्नास मिनिटांची. वरची वीस.

"वरनं जातो."

"तिथनं?"

"वाटच आहे ती, वर्ना."

त्याला काही वाटलं नाही, असं तो मला म्हणाला. भीती नाही, दुःख नाही. भूल दिलेल्या दातासारखं. बोट लावलं तरी आपलं वाटत नाही.

दोन दिवस पाऊस पडून गेला होता. गाडीला पुढं काच नव्हती, डबक्याडबक्याला चिखल सरळ तोंडावर येत होता. सात अडतीसला ते वळण आलं. त्यानं वेग कमी केला.

आणि गाडी उजवीकडं बसली.

खड्डा नव्हता. उभ्या गाडीत जाडजूड माणूस चढला की ती कशी त्या अंगाला बसते? तशी. कॉर्बिन अडीचशे पौंडांचा होता. तो चढला की ही गाडी अशीच कुरकुरायची.

डेल्मरनं मान वळवली नाही.

मी त्याला विचारलं, "का नाही बघितलंस?"

"बघून काय करणार होतो?"

तो चालवत राहिला. वजन हललं नाही. दगडावरनं चाक उडालं तरी ती बाजू उचलली नाही. थोड्या वेळानं तो बोलला. त्या अपघाताबद्दल, सात महिन्यांत पहिल्यांदा.

"कॉर्ब, मी जोरात होतो. तू म्हणालास, हळू घे. मी हसलो."

इंजिनाचा आवाज. चाकाखाली ओली पानं.

"आईला मी सांगितलं, हरीण आडवं आलं. हरीण नव्हतं, कॉर्ब."

शेजारून काही नाही… पण कोणीतरी ऐकत होतं. तेवढं माणसाला कळतं. मग त्यानं सगळंच सांगितलं. कुणालाही न सांगितलेलंसुद्धा.

खाणीपाशी पोचला तेव्हा म्हातारी, युनिस तिचं नाव, बॅटरी हलवत धावत आली. तिचा नवरा हार्लन घामानं भिजून सीटवर कलंडला होता. दोघांनी त्याला घोट-घोट रस पाजला, मग पावाचा तुकडा. पंधरा मिनिटं गेली. म्हाताऱ्याचे डोळे जाग्यावर आले.

"युनिस, चमच्यानं पाजतेस? मी काय पाळण्यातला आहे?"

"गप गिळ, गाढवा," म्हणून ती रडायला लागली.

डेल्मर त्यांच्या गाडीचा बेल्ट बसवायला वाकला. म्हातारा त्याच्या खांद्यावरून पलीकडं बघत होता.

"थोडा रस तुमच्या बाईंना पण द्या की. मघापासून तशाच बसल्यात बिचाऱ्या."

डेल्मरचे हात थांबले.

"कोणी नाही तिथं, हार्लन," युनिस म्हणाली. "साखर उतरली की असंच काहीबाही दिसतं हो याला."

"आता उतरलेली नाही. ती काय… गाडीत."

डेल्मरची पाठ गाडीकडं होती. ती त्यानं तशीच ठेवली. त्यानं विचारलं, "बाई आहे?"

"हो."

"काय करतेय?"

म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले.

"तुमच्याकडं बघतेय."

डेल्मर मला म्हणाला, गुडघ्यांतून थंडी वर चढली. मार्चपासून अंगाला लागलेली ती पहिली गोष्ट. कॉर्बिन नव्हता तो… मग आपण हे सगळं सांगितलं कुणाला?

परत खालच्या वाटेनं. म्हातारा-म्हातारी पुढं, डेल्मर मागं. दुसरी गाडी कुठून आणणार? बसला. गाडी उजवीकडं बसलेलीच. तो पुढच्या लाल दिव्यांकडं बघत राहिला. पन्नास मिनिटं.

वर्नाच्या या अंगणात त्यानं किल्ली फिरवली. उतरला. गाडी डावीकडून वर आली.

मग… जरा वेळानं… उजवीकडून.

हार्लन वाचला. डेल्मर घरी गेला नाही, उजाडेपर्यंत आईच्या पायरीवर बसून राहिला. तिनं दार उघडल्यावर त्यानं तिला हरणाचं खरं काय ते सांगितलं. ती काय म्हणाली ते मला सांगितलं नाही.

नऊच्या सुमारास त्यानं मला इथं बोलावून घेतलं. गाडी समोर त्या ओंडक्यांपाशी उभी होती. चिखल वाळून पांढरा पडलेला. छतावर, दांड्यांवर, स्टिअरिंगवर, सगळीकडं. डेल्मरच्या सीटवर त्याच्या पाठीएवढी जागा तेवढी स्वच्छ. ते बरोबरच आहे, तिथं तो बसला होता.

शेजारच्या सीटवरही एक जागा स्वच्छ होती. अरुंद. शाळकरी पोरीच्या पाठीएवढी.

मी वाकून खाली बघितलं. पाय ठेवायच्या पत्र्यावर चिखलाचा थर, आणि त्यात दोन पावलांएवढी कोरी जागा. अनवाणी पावलं. टाचा, बोटं, सगळं मोजता येत होतं.

बोटं पुढं वाटेकडं नव्हती. डेल्मरच्या सीटकडं वळलेली होती.