आजोबांचे चारशे ठोकळे

"पण चारशे ठोकळे गेले कुठे?" शाल्मलीने तिसऱ्यांदा विचारलं.

मिरजेच्या त्या दवाखान्यात मेंदू मोजायचं काम एका यंत्रमानवाकडे होतं. बाजारात धान्य मोजणाऱ्या माणसावरून मुलांनी त्याचं नाव मापाडी ठेवलं होतं. त्याला प्रश्नांचा कंटाळा येत नसे. हा गुण शाल्मलीच्या घरात कुणाकडेच नव्हता.

"पुन्हा सांगतो," मापाडी म्हणाला. "एमआरआय (चुंबकाच्या मदतीने शरीराच्या आतली चित्रं काढणारं यंत्र) डोक्याला धक्काही न लावता त्याचे अळूवडीसारखे पातळ काप दाखवतं. प्रत्येक कापावर मी हिप्पोकॅम्पसची (नव्या आठवणी साठवायला मदत करणारा मेंदूचा भाग) कड आखतो. मग त्या कडेच्या आत एकेक मिलिमीटरचे किती ठोकळे मावतात, ते मोजतो. सहा महिन्यांपूर्वी आजोबांचे ३१०० भरले होते. आज भरले २७००."

इतकी घट म्हणजे विसरण्याचा आजार असू शकतो, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. दिनकरआजोबा हल्ली लोकांची नावं विसरत. एक दिवस ते आपल्यालाही विसरतील, अशी शाल्मलीला भीती वाटत होती.

तिने दोन्ही वेळची चित्रं शेजारी शेजारी लावून पाहिली. जुन्या चित्रात कवटीची कड स्वच्छ होती. आजच्या चित्रात तिच्याभोवती फिकट वलयं उमटली होती.

"फोटो काढताना हललं की असंच होतं. आजोबा, तुम्ही हललात का?"

"छे गं, गप पडून होतो." पन्नास वर्षं पखवाज वाजवलेले आजोबा जरा ओशाळले. "आता ते मशीन ठोके देत होतं, आणि ते नेमके चौतालात बसत होते. मग समेवर (तालाची पहिली, जोरकस मात्रा) मान हलणारच की. जित्याची खोड!"

"आणि मागच्या वेळी?"

"तेव्हा भीतीनं ताल कुठला सुचतोय."

मापाडीने आजचं चित्र पुन्हा तपासलं. "म्हणजे चित्र पुसट झालं आणि माझी कड आत सरकली. मी मोजलं ते हललेलं चित्र, आजोबांचा मेंदू नव्हे. आधी चित्र तपासायला हवं होतं. चूक माझी."

डॉक्टरबाईंनी तपासणी पुन्हा करायला सांगितली. अंगावरचं धातूचं सगळं काढून ठेवून शाल्मली यंत्राजवळ आजोबांचा हात धरून उभी राहिली.

"सम आली की अंगठ्यानं माझा हात हळूच दाबा. मान मात्र हलवायची नाही."

यंत्राच्या धडधडीत दर समेला तिचा हात दाबला जात होता. एकदाही सम चुकली नाही.

"३०८५," मापाडी म्हणाला. "वयाच्या मानाने उत्तम."

शाल्मलीला रडूच फुटलं. डोळे पुसत तिने विचारलं, "म्हणजे आजोबा कधीच विसरणार नाहीत?"

"ते एका आकड्यावरून सांगता येत नाही. दर वर्षी मोजू. खरी घट सुरू झाली तर लवकर कळेल, आणि उपाय करायला वेळ मिळेल. तोवर औषधंही सुधारतील."

"मग तोवर हिला चौताल शिकवतो," आजोबा म्हणाले. "उद्या माझी सम चुकली, तर सांगायला घरात कुणीतरी हवं."