सतरा नंबरमधला दुसरा फवारा

माझ्या गोशीवोनमध्ये बावीस खोल्या आहेत. सोलच्या नोऱ्यांगजिन भागात, तिसऱ्या मजल्यावर. एकेका खोलीत एक पलंग, एक टेबल आणि परीक्षेची तयारी करणारं एकेक माणूस. भात आणि किमची माझ्याकडून, बाकी ज्याचं त्याने बघावं. नंबर मात्र तेवीसपर्यंत जातात, कारण अठरा नाही. आमच्या कोरियन भाषेत अठरा हा आकडा शिवीसारखा ऐकू येतो, म्हणून मी तो गाळला असं मुलं समजतात आणि हसतात. मीही हसते.

यंदा उन्हाळ्यात नोटीस आली. ऑगस्टअखेर प्रत्येक खोलीच्या छताला आग विझवणारे पाण्याचे फवारे बसवा, नाहीतर कुलूप लावा. दोन ठेकेदार पाहून गेले. मिन दारातूनच डोकावला, जिन्यात सिगारेट ओढली आणि "बावीस" म्हणाला. प्यो दुपारभर होता. त्याने न मागता परवाना दाखवला, पाण्याचा दाब मोजला, एकेक दार वाजवून आत गेला. त्याने आधी काम केलेल्या तीन इमारतींत मी फोन केले. एक म्हातारी म्हणाली, "त्याला सोडू नका हो, फार मन लावून करतो." मी गोड बोलण्याला भुलणारी बाई नाही, पण प्यो ठरल्यातच जमा होता.

मग मी त्याचा कागद वाचला. तेवीस फवारे.

"प्योभाऊ, खोल्या बावीस आहेत."

"हो, पण सतरामध्ये दोन लागतील. मधे भिंत आहे ना. एका फवाऱ्याचं पाणी भिंतीपलीकडे कसं जाणार?"

"सतरात भिंत नाही."

"असं कसं, बाई? मी वाजवून पाहिली. पलीकडच्या बाईंनी वाजवून उत्तर दिलं."

मी त्याला सतरात घेऊन गेले. तिथे राहणारी मुलगी, गाउन, क्लासला गेली होती. कोपऱ्याची खोली, एका टोकाला खिडकी, दुसऱ्या टोकापर्यंत सलग ऊन. मधे काहीही नव्हतं. प्यो गोरामोरा झाला. त्याने लांबी मोजायचं यंत्र काढलं आणि खिडकीच्या बाजूने किरण सोडला. लाल ठिपका थेट समोरच्या टोकाला पडला. यंत्रावर आकडा मात्र निम्म्या खोलीचा आला.

त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा तेवढाच.

"बाई," तो हळूच म्हणाला, "इथे पूर्वी कोण राहायचं?"

"यंत्र दुरुस्त करून घ्या," मी म्हणाले.

एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याने त्या खोलीत फळ्यांची भिंत घालून दोन खोल्या केल्या. खिडकीची सतरा, बिनखिडकीची अठरा. अठरात मलसुन नावाची बाई राहायची, हॉटेलात भांडी घासायची. एका दुपारी तिची विजेवर तापणारी चादर पेटली. मी स्वयंपाकघरात तांदूळ धूत होते. भिंत वाजत होती, हे मी ऐकलं. इथे भिंती रोजच वाजतात. हळू बोला, घोरू नका, हे सांगायला. मी तांदूळ धूत राहिले. धुराने ती गेली. आठवड्याच्या आत नवऱ्याने भिंत पाडली, तिचं दार बुजवलं. आता तोही नाही. ते वाजणं मी कुणालाच सांगितलेलं नाही.

काम मी मिनला दिलं. चांगला माणूस सोडला, कारण त्याने मोजलेलं मला कागदावर नको होतं. त्याची लाज मला तेव्हाही वाटली.

"मावशी, ते जिन्यात सिगारेट ओढणारे?" गाउन म्हणाली. "आग विझवायला आणलेत की लावायला?"

मिनने चार दिवसांत बावीस फवारे बसवले. तपासनीस सही करून गेला.

गेल्या मंगळवारी भर दुपारी मी तांदूळ धूत होते. गाउन माझ्याच पाठीमागे बसून जेवत होती.

भिंत वाजली.

या वेळी मी धावले. हातातलं भांडं तिथेच पडलं.

सतरात आग नव्हती, धूर नव्हता. छतातला फवारा आपोआप फुटला होता आणि पाणी धो धो पडत होतं. मी बोळात जाऊन पाण्याची चावी बंद केली.

मागून आलेली गाउन आत शिरली. "मावशी, अर्ध्या वह्या वाचल्या!" ती हसली. मग वाकून जमीन पाहू लागली.

खिडकीकडची अर्धी खोली भिजून चिंब होती. दुसऱ्या अर्ध्या भागात एक थेंबही नव्हता. पाणी खोलीच्या मधोमध, फूटपट्टीने आखल्यासारखं थांबलं होतं. तीच रेघ छतावरही होती.

"असं कसं झालं?" गाउनने विचारलं.

मी गुडघ्यांवर बसले आणि रेघेपलीकडे, कोरड्या जमिनीवर हात टेकवला.

जमीन गरम होती. आमच्याकडे जमिनीखालून खोल्या तापवतात, पण ते मी एप्रिलपासून बंद ठेवलं आहे.