आणखी थोडा भात

मधुमेहावरचं मधुकिण्व आल्यापासून लग्नाच्या पंगतीत रिवाजच पडला होता: ते घेतलेल्या पाहुण्यांना जिलबी आधी वाढायची आणि जेवणं उरकली की त्यांच्या गाडीची किल्ली मागून घ्यायची. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. इंदुमतीबाई खानोलकरांना मात्र धास्ती वाटायची. त्यांचे यजमान, दामोदरराव, एके काळी पक्के दारुडे. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी बाटली सोडली ती सोडलीच. पण घरी आलेल्या नवऱ्याचा श्वास हुंगायची सवय सुटायला बाईंना आणखी दहा वर्षं लागली. आणि आता इन्सुलिनलाही दाद न देणाऱ्या साखरेने दामोदररावांच्या डाव्या पायाची दोन बोटं गिळली होती.

"म्हणजे ह्यांच्या पोटात दारूच तयार होणार ना?" बाईंनी डॉ. रेणुका हसबनीसना सरळच विचारलं.

"अल्कोहोल होणार, काकू. ते करायच्या वाटा पुष्कळ आहेत. कारखान्यात इथिलीन वायूला पाणी जोडतात, नाहीतर अल्डिहाइडला हायड्रोजन. पण त्याला उष्णता, दाब, आम्लं, धातू असलं काहीबाही लागतं. पोटात ते कसं चालणार? नुसत्या अंगाच्या उबेवर साखरेचं अल्कोहोल करून देतं ते यीस्ट."

मधुकिण्व म्हणजे हेच यीस्ट, आतड्यात कायम ठाण मांडून राहील असं घडवलेलं. जेवणातली साखर रक्तात उतरण्याआधीच ते आंबवून टाकी. तयार झालेलं अल्कोहोल यकृतात जाऊन जळे. बेताने जेवणाऱ्याला काही कळतही नसे. हात सैल सोडून जेवलं, तर मात्र तासाभरात डोकं हलकं होई.

"दुसरा उपाय?"

"पाऊल काढायचं," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

दामोदरराव इतका वेळ खाली मान घालून बसले होते. "तू म्हणशील तसं," ते बायकोला म्हणाले. "माझा मला भरवसा नाही." बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पाऊल वाचवायचं ठरवलं.

मधुकिण्व घेतल्यावर तीन महिन्यांत पायाची जखम सुकली. दामोदरराव स्वतःच्या पायांनी बाजारात जाऊन बांगडे आणू लागले. बाईंना मनापासून आनंद झाला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे भाताची एकच मूद बाई वाटीने मोजून वाढत.

एका रविवारी दुपारी बांगड्याचं तिखलं फक्कड जमलं होतं. दामोदररावांनी ताट चाटूनपुसून साफ केलं आणि ते पुढे सरकवलं.

"आणखी थोडा भात वाढतेस?"

चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी हजारदा म्हटलं असेल, याच आवाजात. बाईंनी भाताचा डाव उचलला आणि त्यांचा हात तसाच थांबला. त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यात जुनी तलफ आहे का, ओळखता येईना.

"भूक लागलीय म्हणूनच मागताय ना?"

दामोदररावांनी रिकाम्या ताटाकडे पाहिलं.

"तेच कळत नाहीये गं," ते म्हणाले. पण ताट त्यांनी मागे घेतलं नाही.