ओनेसिमचा अंगठा

मारोनी नदीच्या या काठावर विटेचं जे जे बांधकाम दिसतं, ते आमचं. धक्का आमचा, दवाखाना आमचा, साहेबांची घरं आमची. आणि ज्या कोठड्यांत आम्हाला डांबलं, त्याही आमच्याच. फ्रान्सहून जहाजात घालून या काळ्या पाण्यावर आणलेल्या कैद्याला नाव नसे, नंबर असे. पण विटेचा साचा हातात आला की तोच माणूस कारागीर व्हायचा, आणि कारागिराला थोडा तोरा असतोच.

विटेच्या वरच्या अंगावर सरकारी शिक्का उठवायचा, हा नियम. खालच्या अंगावर आपला अंगठा उठवायचा, ही आमची रीत. चोरून. खड्ड्यात बावीस जण माती तुडवायला उतरले की पायांच्या ठेक्यावर गाणं चाले:

तुडव रे गड्या, लाल माती तुडव,
सरकारच्या भिंतीत अंगठा दडव.

त्या बावीस जणांतलाच एक, त्यांचा मुकादम मी, कोराँताँ. जन्मानं ब्रेटन, फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याचा; सजा वीस वर्षं. आणि आमच्यातला सगळ्यांत हलक्या हाताचा साचेकरी ओनेसिम बोर्द्रोन. पूर्वी जंगलात कुऱ्हाड निसटून त्याचा उजवा अंगठा मधोमध फाटला होता. जुळला, पण दोन पाकळ्यांसारखा, मध्ये खोल भेग ठेवून. तो ठसा हजार विटांत ओळखू यायचा.

ओनेसिम तापानं सोमवारी गेला.

साचेकऱ्याचे हात धुऊनच त्याला पोचवायचं, ही आमची दुसरी रीत. आमचा माणूस मातकट हातांनी जाणार नाही. मी स्वतः लिंबू चोळलं, बांबूच्या काडीनं नखांतली माती काढली, भेगेतली काढली. हात एवढे गोरे निघाले, की मेझियान म्हणाला, "बघ तरी, लग्नाला निघालाय लेकाचा." मेझियान म्हणजे आमचा कबाईल भिडू, अल्जेरियाच्या डोंगरातला. मग मी ओनेसिमला पोत्यात शिवलं आणि बांबूच्या बनामागं, पांढऱ्या वाळूत, पुरलं.

गुरुवारी पहारेकरी ओर्तोली सुकवणीच्या छपरात शिरला. महिन्यापूर्वीच बोटीनं आलेला, कडक इस्त्रीचा माणूस. त्यानं त्याच सकाळी पाडलेली एक ओली वीट उचलून उलटी केली.

"हे काय?"

खाली अंगठा होता. दोन पाकळ्या, मध्ये भेग.

त्यानं पुढची उलटली. तिच्या पुढची. मग आम्हा एकवीस जणांना ओळीत उभं करून प्रत्येकाचा अंगठा उन्हात धरून पाहिला. एकाचाही जुळेना.

"शनिवारच्या हजेरीला नाव हवं, मुकादम. नाही दिलंस तर अख्खी टोळी जंगलात, लाकूडतोडीला."

मागच्या वर्षी तीस जण त्या तळावर गेले होते. परत आले चार.

दुपारच्या सूपला मी सगळ्यांना विचारलं. कुणी ओनेसिमच्या आठवणीसाठी खोटा ठसा उठवत असेल, तर आता पुरे.

"मला विचारतोस?" मेझियाननं अंगठा पुढं केला. "हा बघ, नुसता बटाटा आहे. याच्यात पाकळ्या कुठून आणू?"

"माझं नाव द्या," पलीकडून कुणीतरी म्हणालं. "जंगलात निदान सावली तरी आहे."

कुणी हसलं नाही. मेझियान हळूच म्हणाला, "तूच तर करत नाहीस ना, म्हाताऱ्या?"

प्रश्न रास्त होता. म्हणून शुक्रवारी मी स्वतःलाच तपासलं. बारा विटा पाडल्या. प्रत्येकीचं खालचं अंग ओल्या तळव्यानं गुळगुळीत केलं. छपराला दार एकच; त्याच्या उंबऱ्यावर सूपचा वाडगा घेऊन बसलो. बाकीचे समोर नदीवर अंग धूत होते. आत फक्त मुंग्या.

सूप संपवून पहिली वीट उलटली. दोन पाकळ्या, मध्ये भेग; ठसा अजून ओला चकाकत होता.

बाराही तशाच.

खोटं कशाला सांगू, भीती नंतर वाटली. आधी वाटलं, काय सुरेख उठलाय!

शनिवारी ओर्तोलीनं विचारलं, "नाव?"

"ओनेसिम बोर्द्रोन, साहेब."

"तो सोमवारी मेला."

"होय, साहेब."

तो हसला. "म्हणजे तुम्ही पोत्यात ओंडका पुरलात. तो इथंच कुठंतरी लपून माझी मजा बघतोय. कुदळ घ्या."

बनाकडं जाताना मेझियान कानाशी पुटपुटला, "एखादं जिवंत नाव दिलं असतंस, तर तो एकटाच जंगलात गेला असता."

"कुणाचं देऊ? तुझं?"

त्यानं कुदळ दुसऱ्या खांद्यावर घेतली. म्हणाला, "नाही दिलंस, ते बरं केलंस."

सकाळचे दहा वाजले होते. वाळू कोरडी, पिठासारखी. हातभर खाली पोतं लागलं. टाके माझेच; एकही उसवला नव्हता. ओर्तोलीनं चाकूनं ते कापले.

ओनेसिम होता. या उष्म्यात पाच दिवसांत जे व्हायचं ते झालं होतं. हात मी ठेवले तसेच, छातीवर.

ओर्तोली नाकाला रुमाल लावून वाकला. वाकलेलाच राहिला.

उजव्या अंगठ्याच्या नखात लाल माती होती.

भेगेतही होती.

ओली.

ओर्तोलीनं ती बोटावर घेतली, चुरून पाहिली. मग त्यानं खड्ड्याच्या चारी कडांकडं पाहिलं. पांढरी वाळू, वरपासून खालपर्यंत.

त्यानं टोपी काढली. कैद्याच्या खड्ड्यापुढं टोपी काढलेली मी तेवढीच पाहिली.

"काम काय करायचा हा?"

"साचेकरी, साहेब. या काठावरचा सगळ्यांत चांगला."

"शिवून टाक."

मी नख साफ केलं नाही. ती माती त्याच्या कामाची होती.

जंगलाचा विषय पुन्हा निघाला नाही. सोमवारी ओर्तोली हजेरीला नवी वही घेऊन आला. नंबर नाही, नावं पुकारू लागला. माणसं उत्तर द्यायला चाचरत होती. मेझियाननं तर आपलं नाव ऐकून मागं वळून पाहिलं. पण दुसऱ्या हाकेला तो छाती काढून असा "हजर!" म्हणाला, की नदीपल्याडच्या डच काठावर ऐकू जावं.

एकविसावं नाव माझं. मी हजेरी दिली. ओर्तोलीनं पान उलटलं.

"ओनेसिम बोर्द्रोन."

ओहोटी लागली होती. ओळीच्या टोकाला एका माणसाची जागा मोकळी होती. ती आम्ही कुणी ठरवून सोडली नव्हती.

आम्हाला काहीच ऐकू आलं नाही.

ओर्तोलीनं मान जराशी कलती केली. उत्तराला लागतो तेवढाच वेळ थांबला, आणि वहीत खूण केली.

"उद्यापासून जरा मोठ्यानं," त्या मोकळ्या जागेकडं पाहत तो म्हणाला, आणि त्यानं वही मिटली.