पाहुण्यांचा माइक

हे घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात घडलं, आणि त्यातला बराचसा भाग मी स्वतः पाहिला, ऐकला. मी महाविद्यालयात शिकवते. ऐकीव गोष्टीला पुरावा मानू नका, हे सांगण्यात माझी निम्मी नोकरी गेली. म्हणून जे अनुभवलं तेवढंच लिहिते.

अंधार, वादळ, ओसाड रस्ता, यातलं काहीही इथे नाही. सगळं सकाळी घडलं. लख्ख उजेडात, चहा उकळत असताना, रेडिओ चालू असताना.

माझे भाऊजी, ताईचे यजमान, रेडिओवर सकाळचा कार्यक्रम करत. श्रोत्यांनी त्यांचं नाव ‘बडबड्या’ ठेवलं होतं. दाढी करणारे, डबे भरणाऱ्या, बस चालवणारे, सगळ्यांशी ते अशा जिव्हाळ्याने बोलत, की हा माणूस आपल्याच घरात चहाचा कप घेऊन उभा आहे असं वाटावं.

घरी हाच माणूस मिठाची गुळणी धरून बसे.

दारात चपलांचा आवाज झाला की ताई हळूच म्हणायची, “आला गं बडबड्या. आता कान काढून ठेवलेस तरी चालतील.”

तेव्हा आम्ही हसायचो.

मग ताईला मुलगी झाली.

ती रडली नाही.

डॉक्टरांनी तिला चोळलं, थोपटलं, नळी घातली... ती रडलीच नाही. ताई मान उचलून ऐकत राहिली. एक हुंकार, एक उचकी, काहीतरी. पोटच्या पोरीचा आवाज तिने शेवटपर्यंत ऐकला नाही.

भाऊजींनी कागदांवर सह्या केल्या, ताईला घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. त्या सकाळी त्यांनी सगळ्या शहराला पोट धरून हसवलं.

घरात तो विषय पुन्हा निघाला नाही. ताईने काढला, की ते उठून हात धुवायला जात.

पुढे माझी बदली त्याच शहरात झाली आणि मी ताईकडे राहू लागले. अशाच एका सकाळी ताई भांडी विसळत होती. मी डबा भरत होते. रेडिओवर भाऊजी म्हणाले, “काल काय झालं, सांगू? आमच्या चिमणीने माझ्या बुटात पाणी ओतलं. म्हणते, बाबा, तुमच्या बुटाची होडी झाली.”

ताईने नळ बंद केला.

चहा उतू गेला. आम्ही दोघी बघत राहिलो.

दुपारी ते जेवायला बसल्यावर तिने विचारलं, “अहो, ही चिमणी कोण?”

“कार्यक्रमात लागतं असं काहीबाही.”

“आपली का?”

ते ताटाकडे बघत राहिले. “तिथे बोलणारा वेगळा. मी वेगळा. मीठ दे.”

चिमणी रेडिओवर वाढू लागली. तिचा दात पडला. तिला कुत्र्याची भीती वाटू लागली, मग गेली. रेडिओवरच्या त्या घरात तिची आईही होती. गुबगुबीत, सदा खिदळणारी, नवऱ्याची टोपी उडवणारी. ताई शिडशिडीत आणि मोजकं बोलणारी. ऐकता ऐकता एकदा ती म्हणाली, “त्या बाईचं बरं चाललंय.”

श्रोते रेडिओ केंद्रावर बाहुल्या पाठवू लागले. शेजारीण जिन्यात भेटली की विचारी, “तुमची चिमणी खेळायला का नाही हो येत खाली?”

“झोपली आहे,” ताई सांगे.

इथवर सगळं समजण्यासारखं होतं. दुःख घरात मांडता येत नाही, म्हणून माणसाने ते बाजारात नेऊन मांडलं. मी भाऊजींचा रागही केला नाही.

मग एके दिवशी शेजारीण म्हणाली, “काय गोड हसते हो तुमची पोर.”

“कुठे हसते?” ताई म्हणाली.

“अहो, रेडिओवर. बाबा बोलत असले की मागे.”

दुसऱ्या सकाळी मी मुद्दाम रेडिओजवळ बसले. भाऊजींचं एक वाक्य संपलं. दुसरं सुरू होण्याआधी थोडी जागा राहिली...

त्या जागेत कोणीतरी हसलं.

अगदी लहान. हसू दाबायचा प्रयत्न फसावा, तसं.

मी ताईकडे पाहिलं. ती शांतपणे कांदा चिरत होती.

“ऐकलंस?”

“काय?”

आवाज पुन्हा आला. स्पष्ट. ताईने मान हलवली. हात पुसून आली, रेडिओचा आवाज पूर्ण मोठा केला, जाळीला कान लावला.

तिला फक्त भाऊजी ऐकू येत होते.

दूधवाल्याने ते हसणं ऐकलं होतं. माझ्या सहकाऱ्यांनी ऐकलं होतं. वरच्या मजल्यावरच्या आजोबांना दाराची घंटा ऐकू येत नाही, पण तेही म्हणाले, “छान खळखळते पोरगी.”

सगळ्या शहराला ती ऐकू येत होती. एका आईला सोडून.

“कशी हसते?” ताई मला विचारायची.

“लहान मुलं हसतात तशी.”

“सगळी मुलं सारखी हसत नाहीत गं, धाकटे. नीट सांग ना.”

शेवटी तिने भाऊजींपुढे पदर पसरला. “मला एकदाच ऐकवा. मग काही मागणार नाही.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत लपवाछपवी नव्हती, हे मी शपथेवर सांगू शकते. त्यांना खरंच काही कळलं नव्हतं.

“काय ऐकवू? तिथे मी एकटा असतो.”

म्हणून आम्ही दोघी त्यांना न सांगता रेडिओ केंद्रावर गेलो.

दोन लहान खोल्या, मधे जाड काच. पलीकडे स्टुडिओ. भिंतींना मऊ गाद्या, एक मेज, दोन खुर्च्या, दोन माइक. अलीकडे आवाजाची यंत्रं, आणि ती सांभाळणारे वयस्कर तंत्रज्ञ. त्यांना सगळे काका म्हणत. त्यांनी ताईला ओळखलं आणि खुर्ची पुढे केली.

“बरं झालं आलात, वहिनी. मी कोणाशी बोलू तेच कळत नव्हतं.” ते आवाज खाली आणून म्हणाले, “तो दुसरा माइक पाहुण्यांचा. त्याची मान मी रोज वर करून जातो. सकाळी येतो तर खाली झुकलेली असते.”

“किती खाली?” मी विचारलं.

काकांनी मेजाच्या कडेशी हात धरला.

“वायरसुद्धा काढून ठेवली आहे. तरी...”

कार्यक्रमाची वेळ झाली. लाल दिवा लागला.

काचेपलीकडे भाऊजी बदलले. दुसरा शब्द मला सापडत नाही. खांदे सैल झाले, कपाळावरची आठी गेली, डोळ्यांत ओल आली. कोणालाही जीव लावावासा वाटेल, असा एक माणूस तिथे बसला होता.

“हे असे दिसतात?” ताई पुटपुटली.

थोड्या वेळाने त्यांनी चिमणीचा विषय काढला. बोलता बोलता मान वळवली... रिकाम्या खुर्चीकडे. वर नाही. खाली.

काकांनी माझ्या कोपराला स्पर्श केला.

यंत्रावर पाहुण्यांच्या माइकचा काटा हलत होता.

काकांनी कानावरचे हेडफोन काढले. त्यांनी ते ताईला दिले. ताईने डोळे मिटले, दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबले. देवापुढेसुद्धा मी तिला असं उभं राहिलेलं पाहिलेलं नाही.

काटा नाचत होता.

ताईने डोळे उघडले. हेडफोन काढून माझ्या हातात ठेवले.

“हे एकटेच बोलताहेत,” ती म्हणाली.

मी ते कानाला लावले.

हसणं इतकं जवळ होतं, की कानाला ऊब लागली.

मग ते थांबलं. कोणीतरी कुतूहलाने श्वास घेतला...

“बाबा, काचेपलीकडच्या त्या बाई कोण?”

भाऊजींनी वर पाहिलं. थेट ताईकडे. आणि शहराला वेड लावणाऱ्या त्या आवाजात, मायेने, ते म्हणाले, “कोणी नाही गं, राणी. चुकून आल्या असतील.”

ताईला हलणारे ओठ तेवढे दिसले. नवरा आपल्याकडे बघून हसला, एवढंच तिने पाहिलं.

तीही त्यांच्याकडे बघून हसली.

“काय म्हणाली गं?” तिने मला विचारलं.

“आई कशी आहे, विचारत होती.”

ताई खाली बसली. बराच वेळ तिने माझा हात सोडला नाही. काका भिंतीकडे तोंड करून उभे होते. दुसरे हेडफोन कानाला लावून तो प्रश्न आणि ते उत्तर त्यांनीही ऐकलं होतं.

त्या दुपारी मी भाऊजींना गाठलं. “काचेतून ताईकडे बघून असं का म्हणालात?”

ते माझ्याकडे बघतच राहिले. “ताई? ती कधी आली होती?”

पुढे ते केंद्र बंद पडलं. शेवटच्या दिवशी काकांनी स्टुडिओला कुलूप लावलं आणि नंतर कधी कोणाला भेटले नाहीत. भाऊजी घरी बसले. आता ते मीठही मागत नाहीत. नसलं तर तसंच जेवतात. माझी पुन्हा बदली झाली.

ताई मला रोज सकाळी फोन करते. रेडिओ मुका झाला, तरी मला काहीतरी ऐकू येत असेल, अशी तिची समजूत आहे. सुरुवातीला मी मनाने रचून सांगत असे. चिमणी शाळेत जाते, पाढे म्हणते. ताई ऐकून घेई. कधी विचारी, “शाळा आवडते का तिला?”

हल्ली मला रचावं लागत नाही.

काल सकाळी फोन आला. ताई म्हणाली, “हे आतल्या खोलीत भिंतीकडे बघत पडलेत. घर नुसतं खायला उठतं गं.”

आणि तिच्या आवाजामागे...

घर भरलेलं होतं. ताटं मांडली जात होती. कोणीतरी धावत होतं. एक बाई खिदळत होती, आणि ती माझी बहीण नव्हती.

पावलं फोनच्या अगदी जवळ येऊन थांबली.

“बाबा, त्या बाई रोज कोणाशी बोलतात?”

“बोलू दे, राणी,” रेडिओवरचा तो मायाळू आवाज म्हणाला. “त्यांना कोणी नाही.”

मी फोन कानापासून दूर धरला. पुन्हा जवळ घेतला. ताई काहीतरी विचारत होती.

“गप्प का झालीस? आली का ती? काय म्हणाली?”

“हसली,” मी म्हणाले. “नुसती हसली.”

“बरं,” ताई म्हणाली. “उद्या जरा नीट ऐक हं.”